अर्ध्यावर मिटलेली पोथी

ल्युपस या आजाराचं निदान झालं तेव्हा मी रडले नव्हते. रडले ती दुसरं बाळही पोटातच गेल्यावर. माझ्या रक्तातली काही प्रतिपिंडं शरीर राखायचं सोडून शरीरावरच उठतात, रक्ताच्या गुठळ्या करतात, आणि त्यामुळेच वारेतून बाळाला रक्त पोचलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? देवावरचा माझा विश्वास जवळजवळ संपला होता. तरी सासूबाईंच्या शब्दाखातर सोलापुरातल्या आमच्या घराजवळच्या मठात, मूल व्हावं म्हणून सप्ताहाच्या पारायणाला बसले. अध्याय संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, हा तिथला नेम.

तिसऱ्या दिवशी डावी पोटरी ठणकू लागली. मांडी घालून अवघडली असेल म्हटलं. खरं सांगायचं तर, देवाने आता एकदाचं काय ते करून टाकावं, अशी चीडही मनात होती. दुपारी पाय टम्म सुजला, वाचताना धाप लागू लागली. शेजारच्या आसनावर एक तेलुगू बाई बसायच्या. ओळख हसण्यापुरतीच. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि माझी पोथी अध्यायाच्या मध्येच मिटली. पारायण अर्धवट सोडलं की कोप होतो, हे लहानपणापासून ऐकलेलं.

"एकच पाय सुजलाय की, अक्का. उठा, दवाखान्यात जावा. राहिलेलं मी वाचते तुमच्या नावानं. देवाला काय मागू?"

मूल हा शब्द ओठावर आलाच नाही. "मला जगायचंय," एवढंच म्हणाले.

त्यांनीच रिक्षात बसवून दिलं. पायातली गुठळी फुप्फुसात पोचली होती. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं दवाखान्यात म्हणाले.

पुन्हा तपासलं तरी प्रतिपिंडं तशीच आहेत. रक्त पातळ करणारी गोळी आता कायमची. मुलाची आशा डॉक्टरीणबाई अजून सोडत नाहीत, मी मात्र सोडल्यातच जमा आहे. त्या बाईंनी माझं पारायण पुरं करून माझ्या नावाचा नारळ ठेवला, असं मठात कळलं. पुन्हा त्या दिसल्या नाहीत. पोथीतल्या गुरूंनीच पाठवल्या होत्या का, मला ठाऊक नाही. आसन घट्ट धरून बसणं म्हणजे शरण जाणं, असं मी समजत होते. ऊठ म्हटल्यावर उठणं हेही शरण जाणंच की. अजून संध्याकाळी रडू येतं. मग गोळी घेते, हात जोडते. कुणीतरी माझं जगणं देवाकडे मागून घेतलंय, ते मी कसं टाकून देऊ?