टोकं घासलेली गोटी

आंजीत लोक म्हणायचे, नीरजची बायको वर्ध्याला कंचे खेळायला जाते.

फारसं खोटं नव्हतं ते. रंजिता आठवड्यातून तीनदा सकाळची वांगी तोडून झाली की काळीपिवळी जीपमध्ये बसायची आणि मधुकररावांच्या दुकानात जायची. मधुकरराव घड्याळं दुरुस्त करत आणि जुन्या घरांतून निघालेल्या वस्तू विकत. सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन ती पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा काउंटरवर जुन्या काचेच्या गोट्यांचं ताट होतं. लहानपणी भावांसोबत गोट्या खेळून तिनं आईचा मार खाल्लेला. हात आपोआप ताटाकडे गेला. तिनं एक गोटी उजेडात धरली अन् विचारलं, "काका, याच्यात दोरी कशी वळली?"

मधुकररावांना तो प्रश्न आवडला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बारकं दिसेनासं झालं होतं. त्यांनी तिला शिकवायला घेतलं. हाताची गोटी म्हणजे काचेच्या रंगीत कांडीचा तापवून कापलेला तुकडा. कापला तिथं खरबरीत व्रण राहतो, बहुतेक दोन्ही टोकांना. यंत्राची गोटी सगळीकडून गुळगुळीत. पेपरवेट उलटा करून पाहायचा: बुडाशी तोडल्याची खूण आहे का, वर्षानुवर्षं टेबलावर सरकून बूड झिजलंय का, की कालच घासून जुनं केलंय.

"दिवाळीपर्यंत पाहू," ते म्हणाले होते. "नजर बसली तर जुनी काच पारखायचं टेबल तुझं. नाही बसली तर वांगी आहेतच."

रंजिताला वांग्यांचा राग नव्हता. पण बारावी सायन्सनंतर तिला कोणी काही शिकवलं नव्हतं, आणि ते टेबल तिला हवं होतं. इतकं हवं होतं की घरी ती त्याचं नावही काढत नसे.

दोन हजार तीनची ती दिवाळी जवळ आली आणि आष्टीच्या एका जुन्या व्यापारी घरातून लाकडी पेटी आली. नागपूरचे ओमप्रकाशजी जुनी काच गोळा करत. ती पाहायला ते येणार होते. मधुकररावांनी पेटी रंजितापुढे सरकवली. "तूच निवड. मी हात लावत नाही."

ती दुपारभर निवडत बसली. एका हिरवट पेपरवेटच्या बुडाशी व्रण सापडला तेव्हा तिला ओरडावंसं वाटलं. शेवटी एक गोटी उरली, आत लाल-पांढरे धागे. टोकं चाचपली, व्रण नाही. दोन्हीकडे नुसती सपाट, गुळगुळीत जागा. साच्यातला दोष असेल, असं म्हणून तिनं ती नव्या गोट्यांच्या बरणीत टाकली. त्या बरणीतल्या गोट्या मधुकरराव गिऱ्हाइकांच्या पोरांना वाटत.

"पक्कं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं, काका."

दुसऱ्या दिवशी आंजीचा बाजार. कुसुमबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूच्या तराजूला नवी साखळी लावली होती, आणि काटा एकीकडे झुकत होता. हलक्या पारड्याला पासंग, म्हणजे भरपाईचं वजन, बांधायला कुसुमबाईंनी फडक्यात एक कंचा गुंडाळला. काटा आता दुसरीकडे झुकला. त्यांनी कंचा काढला, पायरीच्या दगडावर पाणी शिंपडलं आणि त्याची टवका उडालेली बाजू घासायला लागल्या.

"तिकडूनच काऊन घासता, आई?"

"मंग कुठून घासू? तेवढंच टोचते ना. फडकं फाटते, कंचा पडून जाते बाजारात. टोचे ते बी गेलं अन् वजन बी बसलं." त्यांनी वर पाहिलं. "तू काऊन अशी पाहून राह्यली व? भूत दिसलं का?"

रंजिताच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. आष्टीचं ते घर व्यापाऱ्यांचं. तराजू रोजचा. हाताच्या गोटीला टोचरं काय असतं? कापल्याचे व्रणच!

नीरज शेजारी पोती उचलत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, टेबलाचंही.

"कोणाले समजते?" तो म्हणाला. "चूप राह्य. आता सांगशील तर म्हातारा म्हणंन, हिले काही येत नाई."

"अन् गोटी पोरांत वाटली गेली तर?"

"वाटली गेली तं गेली. टेबल पाह्यजे का गोटी पाह्यजे तुले?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी तशीच झाडावर ठेवून ती पहिल्या काळीपिवळीत बसली.

ओमप्रकाशजी तिच्याआधीच पोचले होते. रंजितानं चपला काढल्या आणि सरळ बरणी ताटात ओतली.

"काका, मी चुकली. ही हाताची आहे."

"असं?" मधुकरराव म्हणाले. "परवा पक्कं होतं, आज कच्चं झालं?"

ओमप्रकाशजी हसले.  तरी तिनं गोटी दारातल्या उन्हात धरली. "व्रण दुकानदारानं घासले, पासंगासाठी. सपाट जागा बाकीच्या काचेसारखी चमकत नाही, धुरकट आहे. बारीक ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेनं. साच्यातली असती तर असं नसतं. अन् धागे पाहा. पीळ घेत टोकापर्यंत येतात आणि सपाट जागेवर कापल्यासारखे थांबतात. परवा मी फक्त व्रण शोधला, आत पाहिलंच नाही."

ओमप्रकाशजींनी भिंग लावलं. बराच वेळ गोटी फिरवली.

"बात तो सही है, बेटी," ते म्हणाले. "पण मी नाही घेणार. खूणच गेली तर लोकांना काय दाखवू?"

रंजितानं मान हलवली. तिनं गोटी बरणीत न टाकता फडक्यावर वेगळी ठेवली.

ओमप्रकाशजींनी पेपरवेट घेतला, पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले. "माझ्या घरी अशा सपाट टोकांच्या मूठभर पडल्या आहेत. सगळ्या नव्या समजून डब्यात टाकल्या. त्याही किराणावाल्यांकडूनच आल्या होत्या... पुढच्या वेळी आणू? पाहशील?"

"आणा ना," ती म्हणाली. आणि मग, घाईनं, "पण मी दिवाळीनंतर इथं असेन की नाही..."

मधुकरराव एका घड्याळाचं झाकण बसवत होते. स्क्रू जागेवर येत नव्हता. त्यांनी तो चाचपून पुन्हा लावला.

"दारात उभी राहून किती दिवस पाहशील?" ते मान वर न करता म्हणाले. "ते टेबल खिडकीशी ओढ. अन् ओमप्रकाशजी, एक टोक धरा जरा. मोठं जड आहे ते."