क्रिओल भाताची खरपुडी

रविवारी घरच्यांसाठी मी क्रिओल पद्धतीचा भात केला. अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्राकाठी करतात तसा, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कोळंबी एकाच पातेल्यात घालून. झाकण काढल्यावर माझं मलाच कौतुक वाटलं. तेवढ्यात सासूबाई आल्या, वाटीला तुपाचं बोट लावून त्यांनी ताटांत भाताच्या गोल मुदी पाडल्या आणि वर ओलं खोबरं भुरभुरलं.

"आई, यावर खोबरं नसतं," मी म्हटलं.

"तिकडे नारळ मिळत नसतील," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला आधी राग आला, मग हसू आलं. हा भात तरी मूळचा कुठे एका घरचा आहे? आपापला मुलूख सोडून आलेल्या माणसांनी आठवणीतल्या चवी हाताला लागेल त्यात शिजवल्या आणि मागून आलेल्या प्रत्येकीने त्यात आपलं काहीतरी घातलं. कुणाची तरी सासू तिथेही पातेल्याशी आलीच असणार.

सगळे मागून मागून जेवले. पातेल्याच्या तळाला लालसर, कुरकुरीत खरपुडी धरली होती. आमच्याकडे खरपुडी जिने भात रांधला तिची, आणि कोळंबीचा भात आजवर सासूबाईच करत आल्या. त्यांनी उलथन्याने ती अलगद सोडवली, स्वतःच्या ताटाकडे नेली, क्षणभर थांबल्या आणि माझ्या ताटात वाढली.

"पुढच्या वेळी करशील तेव्हा," त्या म्हणाल्या, "नारळ आधीच खवून ठेव."