केन यार्डातला डाव

शेळगावच्या मानसिंगाला दहावीत इंग्रजीनं दोनदा उताणं पाडलं. त्याच इंग्रजीला तो आता रोज कुस्तीला बोलावतो. उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर यायचं, केन यार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात तिथं, रांगेत नंबर लावायचा आणि पुकारा होईस्तोवर मडगार्डवर स्क्रॅबलचा पट मांडायचा. पट स्वरूपाचा, म्हणजे त्याच्या पोरीचा, शाळेत बक्षीस मिळालेला. सात-सात अक्षरं हातात घ्यायची, पटावर इंग्रजी शब्द जोडायचा. सातही एकदम लागली, तर वर पन्नास गुण.

अवघड शब्दांचा त्याला नादच. झेबू म्हणजे आपला वशिंडाचा बैल, क्वर्न म्हणजे जातं, अ‍ॅड्झ म्हणजे सुताराचं वाकस. पाठ करत न्हाय तो. वस्तू डोळ्यापुढं उभी करतो आणि शब्द तिला दाव्यानं बांधून टाकतो.

त्या दिवशी डावावर नंबरच लागला होता. सांगवीचा गोकुळ रांगेत पुढं, मानसिंग पार मागं. गोकुळ हरला तर जागेची अदलाबदल, मानसिंग हरला तर हंगामभर गोकुळचा चहा. संध्याकाळी स्वरूपाची खो-खोची फायनल होती. मागच्या मॅची बापानं रांगेतच घालवल्या होत्या. "आबा, ह्या खेपंला तरी?" एवढंच ती सकाळी म्हणाली होती.

"चाळीसनं म्होरं हाय मी, मानसिंगराव," गोकुळ म्हणाला. "शेवटचा हात तुमचा. साखर जादा लागती मला, आत्ताच सांगून ठिवतो."

ड्रायव्हरांचं कोंडाळं झालं. मानसिंग अक्षरं फिरवून फिरवून बघत होता. त्याला क्यू हवा होता, एक्स हवा होता. हातात सगळी गरीब अक्षरं. तेवढ्यात वारं सुटलं आणि यार्डामागच्या ढिगाचा भुसा भसकन डोक्यावर, डोळ्यात गेला.

"आयला ह्या बगॅसच्या..." मानसिंग म्हणाला आणि तसाच थांबला.

एक डोळा मिटूनच त्यानं ठोकळे लावले. बी, ए, जी, ए, एस, एस, ई. शेवटचा ई गोकुळच्या अ‍ॅड्झच्या शेपटीला. तो शब्द ई लागूनही चालतो.

"ह्ये न्हाय चालायचं," गोकुळ म्हणाला. "बगॅस कारखान्याचा शब्द हाय. माझा बा बोलायचा. इंग्रजाला काय ठावं उसाचं चिपाड?"

"व्हय की," म्हातारे सोनबातात्या म्हणाले. "जलमल्यापास्नं बोलतोय आमी. आपलाच हाय त्यो."

सगळी रांग गोकुळच्या बाजूला. शब्द खोटा निघाला तर हात बाद.

गोकुळनं मोबाइलवर डिक्शनरी उघडली. डोक्याला डोकी भिडली. त्यानं सावकाश वाचलं, "ऊस पिळल्यावर ऱ्हायलेला चोथा. इंग्रजीत फ्रेंचाकडनं आलाय."

"मंजी," सोनबातात्या म्हणाले, "इतकी वर्सं आमी फ्रेंच फाडतोय?"

रांग फिसकन हसली. तिकडून गोकुळच्या नंबरचा पुकारा झाला.

"जावा, मानसिंगराव," गोकुळनं स्वतःचा ट्रॅक्टर बाजूला घेतला. "उद्याबी झेड मलाच येतोय बघा."

रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत मानसिंगानं शाळेचं मैदान गाठलं, तेव्हा शिट्टी वाजायची होती. स्वरूपा कडेला बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर बघितलं.

"आबा, डोक्यावर ह्यो भुसा कसला?"

"पन्नास गुण," मानसिंग म्हणाला. "पळ तू."