घाटाजवळचं पाणी

माझी भाची धरणाच्या पाण्याचा अभ्यास करते. परवा तिने संगणकावर आमचं धरण दाखवलं. नदी धरणात शिरते तिथे सोडलेले लाल ठिपके पाण्याबरोबर वाहत भिंतीकडे निघाले होते.

"मामा, पाण्यालाही वय असतं," ती म्हणाली. "धरणात शिरल्यापासून मोजायचं. मधल्या धारेतलं पाणी तरुण. आपल्या घाटाजवळचं मात्र अगदी म्हातारं! बघा, जागचं हलायला तयार नाही."

घाटाजवळच्या वळणात काही ठिपके एकमेकांभोवती संथ फिरत होते. ती हसली आणि एकदम गप्प झाली. तिच्या मामीच्या, माझ्या सुमनच्या, अस्थी आम्ही तिथेच सोडल्या होत्या. धरण होऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात त्या पाण्याला नदीच म्हणतात.

"हे नुसतं गणित आहे हो, मामा," ती हळूच म्हणाली.

विसर्जनानंतर मागे वळून पाहायचं नसतं. मीही पाहिलं नव्हतं. सुमन वाहत गेली, एव्हाना समुद्राला मिळाली असेल, या समजुतीवर मी रोज झोपत आलो. गेलेल्या माणसाचं निदान जाणं तरी पुरं झालेलं असावं, एवढंच आपण मागतो.

काल संध्याकाळी घाटावर गेलो. वारा पडला होता. पाण्यात हात घातला, तर ते वरवर कोमट आणि खाली फार गार होतं. पायऱ्या चढताना न राहवून मागे पाहिलं. पाणी निश्चल होतं. कोणी कितीतरी वेळ आपल्या पाठीकडे बघत असावं आणि आपण वळताच त्याने श्वास रोखावा, तसं.