पेपरात आलेली तार

पूनम सागर सोसायटीत आमच्या समोर राहणारे काका परदेशातल्या आपल्या वकिलातीत टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावरही ते भाजीचा भावसुद्धा आवाज खाली आणून सांगत.

एका सकाळी त्या वकिलातीने सरकारला पाठवलेली एक जुनी गुप्त तार फुटून पेपरात छापून आली. खाली लोक ती मोठ्याने वाचून वाद घालत होते. काका पेपर घेऊन माझ्याकडे आले.

"ही मीच टाइप केली होती," ते म्हणाले. "त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको विचारत राहिली, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. तिला वाटलं, मी तिच्यावरच रागावलोय."

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी चहा ठेवला.

पेपरची घडी करत काका म्हणाले, "आता सगळ्यांना कळलं. तिलाच तेवढं नाही."