पुतळ्याचे कान

आमच्या मित्राचा पुतळा करायचं ठरलं, तेव्हा गावात पहिला विषय निघाला तो मिशांचा. मिशा पाहिजेतच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्याला मिशा नव्हत्या, ही अडचण कुणाला मोठी वाटली नाही.

सीमेवर गस्तीला निघालेल्या त्याच्या तुकडीवर गोळीबार झाला आणि त्यात तो गेला. घरात त्याच्यासाठी मुलींचे फोटो यायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. आता गावात त्याला 'वीरपुत्र' म्हणतात. शाळेत आम्ही त्याला 'सुपकान्या' म्हणायचो. त्याचे कान डोक्याला टेकतच नसत. पुढच्या बाकावर तो बसला की मागच्याला फळा दिसायचा नाही.

आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतच शाळा होती. पुढचं शिकायला मी त्याच्या गावात आलो आणि त्याच्याच घरी राहिलो. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण त्या पदवीत मावशीच्या भाकरी किती आहेत ते मलाच ठाऊक. माझा मित्र मात्र अभ्यासाच्या वाटेला गेला नाही. भरतीची पोरं पहाटे धारूर रस्त्याला पळतात, तसा तोही पळायचा. पण त्याचा खरा सराव लोकांच्या हरभऱ्याच्या रानात आधीच झाला होता. मला म्हणायचा, "तू वाच, मी पळतो. दोघं मिळून एक हुशार माणूस होतो बे."

पुतळा समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे माजी सरपंच. याच अध्यक्षांनी एकदा त्याला हरभऱ्याच्या पेंढीसकट पकडून मानगुटीला धरून घरी आणलं होतं. पण माणूस गेला की त्याचा हरभराही माफ होतो. आता भाषणात ते त्याला बालपणापासूनच शिस्तप्रिय म्हणत.

पुतळेवाल्यांची एक रीत असते. आधी मातीत चेहरा करतात, घरच्यांनी तो पास केला की मगच साचा घेतात. साचा घेतल्यावर देवाला जरी वाटलं तरी नाक बदलत नाही. म्हणून अध्यक्षांच्या जीपमधून आम्ही निघालो. मावशी होती, काका, म्हणजे त्याचे वडील, होते आणि समितीचा सचिव म्हणून मी. शिकलेला म्हणून ते पद माझ्या गळ्यात पडलं होतं.

कारखान्यात जाकीट घातलेली बिनडोक्याची धडं रांगेनं उभी होती. शिल्पकार म्हणाला, "पुढाऱ्यांची तयार असतात. डोकं ऑर्डरप्रमाणे." काका जीपमधून उतरलेच नाहीत. "तुमी बघा," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

शिल्पकारानं ओलं फडकं काढलं. आत एक देखणा माणूस होता. रुंद कपाळ, भरघोस मिशा, आणि कान कसे डोक्याला चिकटून बसलेले.

"व्वा!" अध्यक्ष म्हणाले. "काय रुबाब हाय!"

मावशीनं एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. "ह्यो कोण हाय?"

"मावशी, आपलाच की."

"माझं पोरगं मला दाखवायलाव का? ह्यो न्हाई."

शिल्पकार गडबडला. त्याला दिलेला फोटोही समितीनं फोटोवाल्याकडून 'साफ' करून घेतलेला होता. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "वहिनी, चौकात बसवायचाय. मंत्री येणार हायेत. शहीद जरा शहिदासारखा दिसला पायजे."

"कसा दिसतो शहीद? तुमी किती बघितले?"

अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले. मी रांगेतल्या धडांकडे बघू लागलो.

मावशीनं शिल्पकाराला विचारलं, "वली हाय का माती?"

"हाय की."

"मंग ह्या मिशा काढ."

त्यानं मिशा काढल्या. तरी तिचं समाधान होईना. मग पदर खोचून ती स्वतःच पुढे झाली आणि दोन्ही कानांमागे अंगठे घालून तिनं ते पुढे ओढले. पुढे म्हणजे चांगलेच पुढे. मातीला बारीक तडा गेला, तो तिनं थुंकी लावून बुजवला. समोर तोच होता. आता माझ्याकडे बघून तो काहीतरी वंगाळ बोलणार, असं वाटलं.

"अहो, पोरं हसतील!" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "चौकातून जाता-येता हसतील!"

"हसू द्या की. त्याला बघून कोण रडत हुतं का कवा?"

शेवटी शिल्पकारानंच तोड काढली. फौजेची टोपी उजवीकडे कलती असते, ती जरा खाली ओढली तर एक कान झाकेल. अध्यक्षांना बुडत्याला काडी सापडल्यासारखं झालं. मावशीनं विचार केला.

"बरं. एक कान तुमच्या मंत्र्याचा. दुसऱ्याला हात लावाल तर बघा."

शिल्पकारानं टोपी बसवली. मावशी दारातून ओरडली, "अवो, या की! कावून बसलाव तिथं?"

काका सावकाश आले. दारातच थांबले. ते पोरावर आयुष्यभर खेकसतच आले होते. रजेवर आला तरी आधी शिवी, मग चहा. त्यांनी टोपीखालून बाहेर आलेला तो एक कान बघितला.

"आलं का गाढव," ते म्हणाले.

आणि मग तिथंच, मातीच्या ढिगावर, खाली बसले. मावशीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा ओला ठसा सदऱ्यावर उमटला.

मग अध्यक्षांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे किंवा मावशीकडे न बघता शिल्पकाराला म्हणाले, "घ्या साचा."