वळणावरचा सडा

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. पुण्यात बँकेत नोकरी करते, स्कूटर चालवते, दोन लहान पोरं सांभाळते, तरी पाल दिसली की खुर्चीवर चढते. आई अगदी उलटी. उसाला पाणी पाजायला एकटी जायची, साप आडवा आला तर ‘जाईल की त्येचा त्यो’ म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल द्यायला आलेल्या डॉक्टरला तिनं विचारलं, ‘जेवलायसा न्हवं?’ मी तेव्हा बाहेर बाकावर बसून रडत होते.

यंदा जानेवारीत आठवडाभराची रजा काढून मी गावी गेले होते. गाव कोडोलीच्या अलीकडे. नेमकी त्याच आठवड्यात मोठी सायकल शर्यत आमच्या रस्त्यानं जाणार होती. देशोदेशीचे खेळाडू, ज्यांचं पोटच सायकलवर चालतं असे. रस्त्यावरचे खड्डे आठ दिवसांत बुजले, तेव्हाच गावाचा या शर्यतीवर विश्वास बसला होता.

पन्हाळ्याच्या बाजूनं उतरत येणारा रस्ता आमच्या घरासमोर एकदम डावीकडे वळतो. घर वळणाच्या आतल्या अंगाला आहे आणि रस्त्यापलीकडे चिंचेचं मोठं झाड. गल्लीतल्या सगळ्या बायका त्या झाडाखाली उभ्या राहून शर्यत बघणार होत्या. आई सकाळीच वॉकर टेकत तिकडे गेली. ‘परदेशातनं पावणं यायलेत,’ असं तिचं चाललं होतं. मला वाटलं, आरतीचं ताट वगैरे असेल. मी निवांत आंघोळ केली, चहा करून थर्मासात भरला आणि आईला बसायला प्लास्टिकची खुर्ची आणि थर्मास उचलून बाहेर आले.

समोर बघितलं आणि मी दारातच थबकले. वळणाचा अख्खा रस्ता शेणाच्या पाण्यानं सारवल्यासारखा ओला होता. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळी, मधोमध दोन कमळं आणि वर हातभर उंचीच्या अक्षरांत ‘सुस्वागतम’. दारात पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडच्या बायका सडा-रांगोळी करणारच. सकाळी घातलेला सडा उसाच्या ट्रॅक्टरांनी खराब केला, म्हणून रस्ता बंद झाल्यावर त्यांनी तो नव्यानं घातला होता. चिंचेच्या सावलीत तो वाळणार कसा?

मला सायकलींचं काही कळत नाही. पण गेल्या पावसाळ्यात सिग्नलला ओल्या पाचोळ्यावरून माझी स्कूटर घसरली होती, कोपराला अजून खूण आहे. आणि हे लोक तर उतारावरून सुसाट येणार, अंगठ्याएवढ्या जाडीच्या चाकांवर. घसरले तर कुठे जातील, हे सांगायला शहाणं माणूस लागत नव्हतं. सरळ चिंचेखाली. तिथे पहिल्या रांगेत आई उभी होती, दोन्ही हात वॉकरवर. तिला पळता येत नव्हतं.

मी रस्त्यावर पाऊल टाकलं तसा बंदोबस्ताचा पोलीस आडवा आला. ‘ओ ताई, मागं सरा. रस्ता बंद हाय.’

‘अहो, रस्ता ओला आहे!’

‘मग काय झालं? पावण्यास्नी जरा गार वाटंल की.’

मी पलीकडे बघून ओरडले, ‘आई, मागे हो! झाडामागे जा!’ शिट्ट्या आणि लाऊडस्पीकरच्या गोंगाटात तिला काही ऐकू जाईना. मी फोटो काढायला ओरडतेय असं समजून तिनं पदर सारखा केला आणि रांगोळीकडे बोट दाखवलं. इतकी खूश होती ती.

तेवढ्यात शर्यतीच्या पुढची मोटारसायकल वळणावर आली. कमळावरून जाताना तिचं मागचं चाक सर्रकन घसरलं. स्वार पाय टेकून कसाबसा सावरला, मागे वळून एका हातानं काहीतरी खुणावत निघून गेला. गोंगाट एकदम थांबला. सगळ्यांच्या आधी कळलं ते आईला.

‘अगं, पुसा! बारदानं आना, खराटं आना!’ ती ओरडली. ‘पोरं मरतील की कुणाची तरी!’

मग जी धावपळ उडाली! घराघरांतून पोती आली, खराटे आले. मघाशी रांगोळी भरणाऱ्या बायका ओणव्या होऊन ती पुसू लागल्या. पोलिसानं आधी शिट्टी फुंकली, मग शिट्टी खिशात घातली आणि स्वतःच एक पोतं ओढत आला. मी खुर्ची टाकली, ओढणी काढली आणि आमच्या कडेची ओल टिपू लागले.

मान वर केली तर आई रस्त्याच्या मधोमध बसली होती. डॉक्टरनं तिला जन्मात जमिनीवर बसू नका म्हणून बजावलं होतं. वॉकर बाजूला आडवा पडला होता आणि ती पदराच्या बोळ्यानं ‘सुस्वागतम’ पुसत होती.

वरच्या अंगाला सायरन वाजला. बायका खराटे घेऊन कडेला पळाल्या. आईनं उठायचा प्रयत्न केला. एक हात टेकला, मग दुसरा. तिला उठता येईना.

मी उभीच राहिले. किती वेळ ते माहीत नाही, पण उभी राहिले हे खरं. पाय उचलायचा असतो हेच विसरल्यासारखं झालं होतं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी पळाले. मागून तिच्या काखेत हात घातले, ओढलं. माझ्याच चपला घसरल्या आणि आम्ही दोघी परत खाली. वरच्या वळणावर रंगीबेरंगी टोप्या दिसायला लागल्या होत्या.

‘सोड मला,’ आई म्हणाली. ‘तू हो बाजूला. तुझी पोरं ल्हान हाईत.’

‘गप गं! उठ की!’ मी किंचाळले. पुण्याची बारा वर्षं त्या एका ‘की’त वाहून गेली. पोलीस धावत आला, त्यानं आईचे पाय धरले, मी खांदे धरले, आणि धान्याचं पोतं न्यावं तसं आम्ही तिला चिंचेच्या बुंध्याशी नेऊन टेकवलं. एका बाईनं धावत येऊन वॉकर उचलला.

आणि ते आले. आवाज असा की कुणीतरी मोठं कापड टराटरा फाडतंय. वाऱ्याचा झोत तोंडावर बसला. मी आईच्या अंगावर वाकले होते. डोळे मिटायचे होते, पण मिटले नाहीत. एका पोराचं चाक पुसायच्या राहिलेल्या ‘म’वरून लटपटलं, त्यानं गुडघा बाहेर काढला, माझ्याकडे अगदी घाबरलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि सावरून निघून गेला. बाकीचे पुसलेल्या जागेवरून नीट गेले. चार वेळा श्वास घ्यावा तेवढ्यात सगळं संपलं. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही.

आईला खुर्चीत बसवलं. खुबा दुखत होता, पण पाय हलत होता. संध्याकाळी डॉक्टरनं एक्स-रे काढून बघितला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पण ते नंतर. तेव्हा मी थर्मासातला चहा कपात ओतला आणि तिच्यापुढे धरला. तिनं कप घेतला नाही. शेणानं माखलेल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. तो हात थरथरत होता. आईचा हात थरथरताना मी कधी बघितला नव्हता. मला मघापेक्षा जास्त भीती वाटली.

‘लई भ्यालो गं मी,’ ती हळूच म्हणाली.

‘सायकलींना?’

तिनं नकारार्थी मान हलवली. बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून मला जवळ ओढलं.

‘मी सोड म्हणलो न्हवं मगाशी,’ ती म्हणाली, ‘तवा वाटलं, तू खरंच सोडतीस का काय.’